चकाकी नामंजूर

१० फेब्रुवारी १९४२, मंगळवार
शेवटची गाडी गेली! कारखान्यातून आता एकही मोटार निघायची नाही — लढाईमुळे सरकारचा हुकूम. यापुढे फक्त फौजेचं सामान. आमच्या ह्यानेच, ब्रॉनेकने, तिच्यावर पॉलिशचा शेवटचा हात फिरवला. म्हणतो, "एवढी घासली, पोला, की तिच्यात मला माझं टक्कल दिसलं." फाटकापर्यंत सगळे तिच्यामागे चालत गेले म्हणे.

आत यंत्रं उखडून बाहेर बर्फात टाकतायत. मी विचारलं, रंगखात्याचं काय? "घरी बसा म्हणाले. लागलं तर बोलावू." लागलं तर! तोफेला पॉलिश कोण करणार? एकोणीस वर्षं ह्याने दुसरं काही केलेलं नाही.

१८ फेब्रुवारी
आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीचे उपास सुरू. चर्चमध्ये कपाळाला राख लावून आलो. उपासाचं कोबीचं सूप.

ब्रॉनेकने स्टोव्ह घासला. मग दारांच्या मुठी. मग माझी सगळी पातेली, बुडासकट. शेजारची लुडविका कुंपणावरून ओरडली, "पोला, नवरा रिकामा असेल तर पाठव इकडे, माझ्या खिडक्या राहिल्यात!" हसले. घरात येऊन रडले. हिशेबाच्या वहीत जमेची बाजू कोरी.

१९ मार्च
संत जोसेफचा सण. नऊ दिवसांची प्रार्थना आज पुरी झाली. जोसेफबाबा, तू स्वतः सुतार. हातांना काम नसलं की काय होतं ते तुला सांगायला नको. ह्याच्या हातांना काम दे. दुसरं काही मागत नाही.

२७ एप्रिल
बोलावणं आलं!!

फौजेच्या चिलखती गाड्या रंगवायच्या. एकच रंग — शेवाळासारखा. "असला रंग मी कुत्र्याच्या घरालासुद्धा दिला नसता," ब्रॉनेक म्हणतो. पण शीळ घालत गेला. वेदीपुढे मेणबत्ती लावून आले, मोठी.

१५ मे
अख्खा लॉट नामंजूर!

फौजेचा कॅप्टन तपासायला आला नि उन्हात उभा राहून डोळेच मिटले त्याने. "ही काय नवरीची गाडी आहे? शत्रूला आरसा दाखवायचाय का? दोन मैलांवरून लखलखतंय!" झालं काय, तर सगळ्या गाड्या ह्या लोकांनी घासून ठेवलेल्या! घासा असं कुणी सांगितलं नव्हतं. घासू नका असंही कुणी सांगितलं नव्हतं. रंग वाळला की चमकवायचा, हेच त्यांना ठाऊक. आता सगळा खरवडून नव्याने.

२२ मे
पुन्हा तेच. फोरमन मॅक्गॅरिटीने सगळ्यांची फडकी काढून घेतली, कपाटाला कुलूप घातलं. तर कुणी बाहीने घासतो, कुणी टोपीने. ब्रॉनेक रात्री हात टेबलावर ठेवून बसला. "हात ऐकतच नाही गं. रंग ओला असतो तोवर ठीक. वाळला की हात आपोआप जातो." अजून एकदा नामंजूर झाला तर फौज काम दुसऱ्या कारखान्याला देणार म्हणे. मग सगळेच घरी.

२५ मे
ह्या माणसाचं काय करू!

आज फोरमनसमोर जाऊन म्हणाला, "आमचे हात बिघडलेत. ज्यांनी जन्मात गाडी घासली नाही अशी माणसं आणा. बायका आणा."
"आणि तू काय करशील?"
"ते नंतर बघू."

मी ओरडलेच. "अरे, स्वतःच्या हाताने स्वतःखालची खुर्ची ओढलीस!" तो सूप पीत राहिला. मग म्हणाला, "तिकडे पोरं त्या गाड्यांत बसणार आहेत, पोला. चमकली तर मरतील."

ब्रेडने वाडगा पुसून खाल्ला आणि वर म्हणतो, "तू जा. तू बशीसुद्धा एकदाच पुसतेस, फडकं झिजेल म्हणून. तुझ्यासारखीच हवी तिथे. शिवाय मॅट्रिक आहेस, भिंतीवरच्या पाट्या तरी वाचशील."

८ जून
पहिला दिवस. पँट घालून! लुडविका म्हणाली, "फादरना दाखवलीस का?" दाखवली. फादर म्हणाले, "कामाला चाललीस ना? मग उशीर करू नकोस."

रंग उडवायची गन दोनदा उलटसुलट करून पाहिली. मग जमलं. पातळ थर द्यायचा, सारखा. जास्त उडवला की वाया जातो — आणि वाया घालवणं मला जमतच नाही!

ब्रॉनेकला कारखान्याच्या अंगणात खोकी ओढायला लावलंय. जेवणाच्या सुट्टीत एकमेकांसमोरून गेलो. त्याने टोपी सारखी केली, मी डबा. त्याच्यासाठी काम मागितलं होतं, जोसेफबाबा. मला का दिलंस?

३० जून
पास! पास! सगळ्याच्या सगळ्या!

कॅप्टन प्रत्येक गाडीपाशी वाकला, तिरका होऊन पाहिलं, उन्हात नेऊन पाहिलं. मग म्हणाला, "वा! काय कळकट दिसतंय!" आम्ही बायका एवढ्या ओरडलो की अंगणापर्यंत ऐकू गेलं. ब्रॉनेकने तिथून टोपी उडवली. छपरावर अडकली. अजून तिथेच आहे.

१२ जुलै
रविवार. चर्चमध्ये मिसेच्या प्रार्थनेला गेलो, तर ब्रॉनेकचे जुने सोबती बाहेर उभे होते. एक मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "काय ब्रॉनेक, मॅडम बरी आहे ना?" ब्रॉनेक म्हणाला, "बरी आहे. तुझ्यापेक्षा बरा रंग देते." घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालला. खोकी उचलून पाठ गेलीय. रात्री टर्पेंटाइन चोळलं.

१४ सप्टेंबर
नवं काम आलंय, बॉम्बफेकी विमानाचं. त्याच्या नाकाशी पारदर्शक घुमट असतो, त्यात बसून नेम धरायचा. काचेसारखा, पण काच नाही. साच्यातून निघतो तो धुरकट, चऱ्यांनी भरलेला. तीन आठवडे कुणाला साफ होईना. चांगले शिकलेले लोकही थकले.

आज मॅक्गॅरिटी स्वतः अंगणात गेला. खोकं ब्रॉनेकच्या खांद्यावरच होतं. "ए, ते तुझे बिघडलेले हात घेऊन ये आत."

१ ऑक्टोबर
वेडा झालाय नुसता! सगळे जुने घासणारे परत बोलावले. पाळी संपली तरी उठत नाहीत. मऊ फडकं हवं म्हणून माझा फ्लॅनेलचा परकर कापला, चांगला दोन हिवाळे चालला असता. मी एक शब्द बोलले नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे कुणी मला चिकट म्हणायला नको.

२४ डिसेंबर, नाताळची संध्याकाळ
हसून हसून पोट दुखतंय. विमान बघायला आलेला तपासनीस आज नाकापाशी गेला आणि वहीत लिहिलं — 'सांगाडा रिकामा. घुमट बसवलेला नाही.' मग डोकं आत घालायला गेला. ठण्ण! कपाळावर हे एवढं टेंगूळ! ब्रॉनेकने हात दिला त्याला आणि लगेच — घुमटावरचा कपाळाचा डाग पुसला.

पहिला तारा दिसल्यावर ताटावर बसलो. टेबलक्लॉथखाली गव्हाणीचं म्हणून गवत, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक खुर्ची रिकामी, रीतीप्रमाणे. पवित्र पोळी मोडून एकमेकांना दिली. तो म्हणाला, "तुझ्या हातांना." मी म्हणाले, "तुझ्या." सूप गार झालं.

११ जानेवारी १९४३
मॅक्गॅरिटी आज विचारत होता — लढाई संपेल, गाड्या सुरू होतील, ब्रॉनेक रंगखात्यात परत येईल. मग तू आपली घरी जाशील ना?

"नाही," म्हणाले.

ब्रॉनेकला अजून सांगितलेलं नाही.