नुसतं 'बरं'

मंगळवार, संध्याकाळ. सावेडी.

हुश्श! शबानाचा फोन लागला एकदाचा. माझ्या चटणीच्या पाकिटांची लेबलं ती शेवगावहून, घरी बसून करते. अजून आम्ही भेटलेलोही नाही. उद्या लेबल छापायला द्यायचं आणि ही परवापासून गप्प. काम सोडलं की काय?

"ताई, मी नमुना पाठवला, तर तुमी नुसतं 'बरं' लिवलं. मला वाटलं, आवडलंच न्हाई. दुसरा करत बसले."

'बरं'! अगं, मला तर केवढं आवडलं होतं. पण माझा चेहरा तिला तिकडे कुठून दिसणार? मग सगळं सांगितलं. रंग आवडला, अक्षरं आवडली, तेच पाठव.

"लगेच पाठवते."

"बरं," माझ्या तोंडून गेलंच.

ती खळखळून हसली. "ताई, आता ह्ये कोनतं बरं?"