चढलेला पंचम

सिंदी, मंगळवार, ५ फेब्रुवारी १९५७

परवा नागपूर रेडिओवर गायचंय आणि आज संध्याकाळी मला तंबोरा जुळवता आला नाही. पंचम चढलेला वाटला म्हणून मी तार उतरवली. लेक सुमन स्वयंपाकघरातून धावत आली.

"बाबा, पंचम बरोबर लागला होता. काऊन उतरवला?"

माझ्याच हाताखाली शिकलेली पोर, तिचा कान चुकत नाही. मग माझा? तिनं तार पुन्हा लावली. मी उजवा कान दाबून ऐकलं. डाव्या कानाला तो पंचम अजूनही चढलेलाच! वीस वर्षं याच कानांच्या भरवशावर गायलो. शेवटी तिला डाव्या कानाचं सांगून टाकलं.

तिनं तंबोरा भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "परवा मी येतो तुमच्यासंग. तंबोरा मीच लावतो."

तंबोरा ती लावेल. पण गाताना माझाच सूर सुटला, तर मला कळेल का?