जुना लॅपटॉप आणि आत्याची बाही

ता. ४ जून

ती. आतोबांना सा. न. वि. वि.

नवा लॅपटॉप घेऊ नका. आत्याच्या बोटांना याच लॅपटॉपची बटणं पाठ आहेत. तिचं विसरणं वाढत असताना तिच्यापुढे नवं काही नको. लॅपटॉप म्हातारा असला तरी धडधाकट आहे. त्याच्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम त्याला पेलत नाही, इतकंच. इथे तशाच एका खटाऱ्यावर मी हलक्या लिनक्सचे प्रकार चालवून पाहिले. सर्वांत हलका झटकन उघडतो, पण काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, आत्या घाबरेल. दुसऱ्यात मराठी धड उमटत नाही. तिसरा जरा जड, पण दिसायला जुन्यासारखा. तो पेनड्राइव्हवर घालून पाठवते आहे. आधी 'चालवून पाहा' दाबा, ठीक वाटलं की 'कायमचं बसवा'. जुन्या फायली माझ्याकडे आहेत.

आत्याला कोटाच्या बाहीचं बेतणं लिहून ठेवायचं आहे. तिच्याशिवाय ते कुणाला येत नाही. उशीर नको.

लोभ आहे, तो राहू द्या.
भाची

ता. १७ जून

चि. मास्तरीणबाईंस अ. उ. आ.

तुझं औषध लागू पडलं! पूर्वी लॅपटॉप उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. आता तुझी आत्या बसते न बसते तोच हा हजर. रोज सकाळी लिहिते. काल तिला कात्रीचं नाव आठवेना, मला ते चावरं आणून दे म्हणाली. पण बाही लिहायला बसली ती जेवायलाही उठेना.

'कायमचं बसवा' मात्र मी दाबलेलं नाही. दाबायला गेलो की सगळं पुसलं जाईल म्हणून धमकावतं. कशाला विकतचं दुखणं? 'चालवून पाहा'वरच आमचं झकास चाललंय. बॅटरी मेलेली, म्हणून वायर लावूनच ठेवतो, बंद करतच नाही. फक्त तो पेनड्राइव्ह आत्याच्या हाताला सारखा लागतो. काढून टाकू का?

तुझे भित्रे आतोबा

ता. २० जून

ती. आतोबा, न. वि. वि.

पेनड्राइव्ह काढू नका. वायर हलवू नका. फोन केला होता; 'ऐकू येत नाही' म्हणत तुम्ही नेहमीसारखा ठेवून दिलात, म्हणून हे कुरिअरने.

'चालवून पाहा'मध्ये लिहिलेलं कुठेही साठत नाही. वीज क्षणभर गेली तरी आत्याची बाही गेली. हे मी आधीच लिहायला हवं होतं. सोबत दुसरा पेनड्राइव्ह आहे. तो शेजारच्या खाचेत लावा, फाईल त्याच्यावर ओढा, उघडून खात्री करा आणि मला पाठवा.

मी सारखी इथल्या दिव्याकडे बघते आहे. त्याचा तुमच्या विजेशी काही संबंध नाही, हे मला कळतं.

भाची

ता. २४ जून

चि. मास्तरीणबाई, आशीर्वाद.

तुझं पाकीट आलं तेव्हा गल्लीत वायरमन वीज बंद करायला खांबावर चढत होता. धावत जाऊन त्याच्या हातापाया पडलो. तो हसला, पण थांबला. फाईल ओढली, उघडली, पानं दिसली. मग त्याला हात केला आणि लॅपटॉप काळा झाला. बाही कुठे गेली म्हणून आत्या विचारत होती. माहेरी गेली, भाचीकडे, असं सांगितलं. हसली.

आतोबा

ता. २८ जून

ती. आतोबांना सा. न.

फाईल शाबूत पोचली. तिच्यात बाही पुन्हा पुन्हा लिहिलेली आहे, रोज पहिल्यांदाच लिहीत असल्यासारखी. वाक्यं तीच, मापं वेगळी. एकीत मनगटाच्या मोहरीतून हातसुद्धा जाणार नाही. पहिली तरी बरोबर असेल असं धरलं होतं. तिच्यात खांद्याचा उतारच नाही. कोणती खरी, मला ठरवता येत नाही. आत्याला विचारावंसं वाटेल. विचारू नका.

'कायमचं बसवा' आता बेलाशक दाबा. तिला लिहू द्या.

तिने तुमच्यासाठी शिवलेला कोट असेल, तो पाठवा. बाही उसवून कागदावर उतरवून घेते. पुन्हा जोडता येईल की नाही, सांगत नाही. तशी जोडणारी एकच होती.

कोट तिच्या नजरेआड बांधा.

तुमच्या दोघांची,
भाची