पाणी सोडलं!

सुवर्णे,

दोन वर्षं झाले आपलं बोलणं बंद हाय. कालव्याच्या पाण्याची पाळी आधी कोणाच्या वावराची, एवढ्यावरून. तरी आजची गोष्ट जावेले नाही तं कोणाले सांगू?

माही समता कोकणात नर्स झाली, समुद्राकाठच्या गावात. काल तिनं मले टेकडीवर नेलं. काजूच्या झाडाईतून पायवाट, दम निघाला माहा. पन वरून सारा किनारा दिसते! लोकं रेतीत बसले होते, लेकरं खेळून राह्यले होते. अन् पाहता पाहता पाणी वर सरकाले लागलं. मले काय ठाऊक भरती! पदर खोचला अन् जीव खाऊन वरडली, "पाणी सोडलं हो! पाणी सोडलं! वर या!"

समता हसून हसून खालीच बसली. "आई, इथं रोजच सोडतात."

रोज! अन् पाळी कोणाचीच नाही!

मंग खाली उतरून मी बी पाण्यात गेली. एका लाटेनं मले बसवलंच. लुगडं चिंब, तोंडात खारट पाणी, अन् मी लेकरावानी हसून राह्यली. हसता हसता बाजूले पाह्यलं. कालव्याचं पाणी आलं का वावरातल्या दांडात पाय भिजवत बाजूले तूच उभी राहत होती ना.

हे पत्र टाकत नाही. त्याच्या आधी मीच पोचतो. समुद्राचं पाणी बाटलीत भरून घेतलं हाय. पिकाच्या कामाचं नाही, पन पहिली पाळी तुही.

वरच्या वावरातली,
कला