हजार सांबारवड्यांचं कार्ड

कळंब, गुरुवार दुपार

तीर्थस्वरूप वन्संना शोभाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी पूर्ण वाकले असं समजावं.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? वणीत कोळशाची धूळ फार, खिडक्या लावून घेत जा. इकडे सगळं खुशाल, म्हणजे तुमचे बंधू खुशाल आहेत. माझं म्हणाल तर कालपासून दाराची कडी वाजली की मी आधी मोरीत जाते आणि तिथून कोण आलंय ते विचारते. फोनच करणार होते, पण तुमचा आवाज ऐकला की मी नुसतं हो-हो म्हणून फोन ठेवते, हे तुम्हाला माझ्या लग्नापासून माहीत आहे. म्हणून तुमचे बंधू उद्या ऑफिसच्या कामानं वणीला येताहेत, त्यांच्या हाती पत्र देते. त्यांनी ते वाचायचं नाही असं ठरलंय. (वाचत असाल तर इथेच थांबा.)

झालं असं की, आमच्या बचतगटातल्या बायकांना यवतमाळला एका शिबिराला नेलं. छोटा धंदा करणाऱ्या महिलांनी ध्येय कसं ठरवावं, असा विषय. शिकवायला पुण्याच्या गौरीताई होत्या. वयानं आपल्या धाकट्या चुलतबहिणीएवढ्या, पण बोलायला लागल्या की मी आपोआप उभी राहायचे. प्रत्येकीनं एका कार्डावर ध्येय लिहायचं होतं. मी लिहिलेलं पहिलं कार्ड त्यांनी परत केलं, ध्येय मोजता आलं पाहिजे म्हणाल्या. मी घाबरून लिहिलं, रोज साठ सांबारवड्या. (सध्या चाळीस होतात, तेही सारणाची कोथिंबीर निवडायला शेजारीण आली तर.) त्या नुसत्या बघत राहिल्या. मी शून्य वाढवलं. तरी बघतच होत्या. शेवटी "रोज एक हजार सांबारवड्या. माघार नाही. – शोभा" असं लिहिलं, तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या, वन्सं. मीही वाजवल्या.

आता हे कार्ड सकाळी सगळ्यात आधी दिसेल तिथे लावायचं होतं. कपाटाच्या आरशावर तुमच्या बंधूंनी लावू दिलं नाही. मी सकाळी उठून आधी दुकानासमोर सडा-रांगोळी करते, म्हणून रांगोळी काढताना दिसावं असं काउंटरच्या काचेवर बाहेरून चिकटवलं. मला जे दिसतं ते रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं, हे मात्र डोक्यातच आलं नाही. लोकांना ती जाहिरात वाटली.

काल बाभुळगावकडच्या तांड्यावरचे नेमसिंग आले. कार्ड मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "बाई, तुमी रोज हजार करता, मले तर एकाच दिवसाच्या पायजे. रविवारी माह्या बबिताचं लगन हाये." मला नाही म्हणायचं होतं. पण नाही हा शब्द विसरा, असं गौरीताईंनी तीनदा वदवून घेतलं होतं, आणि तेवढंच आठवून मी हो म्हणून बसले. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "कायले घाबरून राह्यल्या? तुमच्या भरोशावर मी आचाऱ्याले वड्या करू नको म्हनून सांगलं." तेव्हापासून कडी वाजली की मोरी. एका मुलीचं लग्न, सगळा तांडा पंगतीला बसलेला, आणि वडी फुटून कढईत सारण तरंगतंय, हेच मला डोळ्यांसमोर दिसतं. चाळीस वड्यांचं प्रमाण मला पाठ आहे. हजाराचं नाही. रडू येतं हो.

असो. प्रकृतीला जपा. भावजींना नमस्कार.

तुमची,
शोभा

ता. क. हजाराचं प्रमाण तुम्हाला येतं. शनिवारी पहिल्या गाडीनं याल का? पोळपाट तुमचाच आणा, माझा डुगडुगतो.

ता. क. आणखी एक. वडी तुम्ही शिकवलेली, माझ्या पहिल्या दिवाळीला. पण दुकानाच्या पाटीवर मी "शोभाताईंची स्वतःची खास वडी" असं लिहिलंय. सहा वर्षं झाली. तुम्ही कळंबला येता म्हटलं की मी पाटीवर टॉवेल वाळत घालते. गौरीताईंनी परत केलेलं पहिलं कार्ड सोबत ठेवलंय. त्यावर "वन्संना खरं सांगायचं" एवढंच आहे. रागावलात तरी त्याच्यावर बरोबरची खूण करून तुमच्या बंधूंकडे परत पाठवा.

ता. क. पत्र बंद करत होते तेवढ्यात नेमसिंग पुन्हा आले. या वेळी मी मोरीत गेले नाही. वडी माझी नाही, आमच्या वन्संची आहे, असं एका दमात सांगून टाकलं. ते म्हणाले, "मंग त्या बाईलेच घेऊन या ना लग्नाले!" मी हो म्हणाले. तेव्हा वर याल का असं जे विचारलंय, ते खोडून "याच" असं लिहिलंय समजा. माघार नाही, असं काचेवर लिहिलंय. तुमची भीती वाटते, ती वाटतेच.