गलबत झालं की चारकोप

६ जुलै, रविवार

ह्यांचं वर्षश्राद्ध होऊन दीड महिना झाला. आज हर्षद येऊन गेला. म्हणाला, आई, मुलुंडला एकटी राहू नकोस, आमच्याकडे चारकोपला ये. मी म्हटलं, येणारच आहे. तुझ्या बाबांचं गलबत पुरं करते आणि येते. त्याने टेबलाकडे बघितलं, चहा संपवला आणि गेला.

रिटायर झाल्यावर ह्यांनी डायनिंग टेबलावर लाकडाचं गलबत बांधायला घेतलं. हातभर लांब, दोन डोलकाठ्यांचं. ह्यांचे आजोबा तसल्याच गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते म्हणे. तेव्हापासून आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवलो. चार वर्षांत काय झालं, तर खालचा सांगाडा आणि एका बाजूच्या फळ्या. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. मी ठेवत नाही. पण माणूस संथ होता.

मी गणपतीच्या आत संपवणार. मग चारकोप. तिकडे माझ्यावाचून सगळं अडलंय. रुचिरा नोकरी करते, निहार पाच वर्षांचा, त्याला अजून पानातली भाजी खाता येत नाही.

९ जुलै

काम सुरू. पहिल्याच दिवशी ह्यांची चूक सापडली. तिसरी फळी वाकडी. लावत होते तेव्हाच मी म्हटलं होतं, वाकडी आहे. म्हणाले होते, रत्ना, तू तुझी आमटी बघ.

सुरी घालून काढली. तिच्याबरोबर शेजारच्या चार निघाल्या. वाकड्या पायावर बांधलं की असंच होतं. आता ती पूर्ण बाजू नव्याने करावी लागणार. दोष माझा नाही.

१३ जुलै, रविवार

भाऊ आले. माझे धाकटे दीर, घाटकोपरला असतात. गलबताभोवती फिरून म्हणाले, वयनी, आजोबांचां गलबत असां नव्हतां गो. भाऊ जन्मले तेव्हा आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी तसं सांगितलं. म्हणाले, पण ऐकलंला हा. दोन थालीपिठं खाऊन वर सल्ला दिला, की होतां तसांच काचेत घालून ठेव, दादाची आठवण रवात.

मी म्हटलं, अर्धवट वस्तू माझ्या घरात राहत नाही.

ताक मागितलं. दिलं नाही.

१९ जुलै

वाचनालयातून जहाजांवरची दोन जाडी पुस्तकं आणली. मी सातवी शिकलेली, पुढचं सगळं वाचनालयात शिकले. ह्यांनी आयुष्यात वर्तमानपत्राशिवाय काही वाचलं नाही आणि गलबत बांधायला बसले.

पुस्तकात महत्त्वाचं सापडलं. खऱ्या गलबतांच्या लाकडाला माशाचं तेल पाजतात, नाहीतर कीड लागते. आठवलं, देवगडला माझे मामा होडीला मुशीच्या काळजाचं तेल लावायचे. ह्यांनी कपाटात वॉर्निशचा डबा आणून ठेवलाय. गलबताला वॉर्निश. ते काय शोकेस आहे?

ह्यांना सांगायला हवं, असं मनात आलं. मग पुस्तक मिटलं.

२२ जुलै

बाजारातल्या मीरा कोळिणीचं माहेर खारदांड्याला. पावसात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा त्यांना तेल लावतात, म्हणून तिच्या भावाकडे बाटली होती. आज तिने आणून दिली. विचारलं, मावशी, होडी केवढी तुजी? मी हात पसरून दाखवला. ती इतकी हसली की शेजारची भाजीवाली उठून बघायला आली. पुढच्या महिन्यात तिच्याकडून काही घेणार नाही. तसाही श्रावण आहे.

२४ जुलै, गुरुवार

उद्या श्रावण लागतो, त्याच्या आत तेल लावून घेतलं. शास्त्र म्हणजे शास्त्र. दोन हात दिले. लाकडाला असा रंग चढला की बघत राहावं. उरलेल्या सुट्या फळ्याही तेलात बुडवून ठेवल्या, म्हणजे पुढची घाई नको.

घरभर बंदराचा वास. दुपारी खूप दिवसांनी गाढ झोप लागली.

२५ जुलै

सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाशभाई सकाळीच दारात. नाकाला रुमाल. म्हणाले, रत्नप्रभाबेन, आजपासून तुमचापण श्रावण ने, मग हे काय शिजवता? मी म्हटलं, साबुदाण्याची खिचडी. आत येऊन भांडं बघा. आले नाहीत.

अकरा वाजता वरच्या मजल्यावरच्यांनी ठरवलं की डक्टमध्ये उंदीर मेलाय. वॉचमन काठी घेऊन आला, सगळे जमले. मीही टॉर्च धरून उभी राहिले. शेजारधर्म आहे. उंदीर खरोखरच सापडला, पण वाळलेला, मागच्या वर्षीचा. चंद्रप्रकाशभाई म्हणाले, वास ह्याचा नाही. ह्या माणसाला कशातच समाधान नाही.

२९ जुलै

फळ्या चिकटत नाहीत. लावली की सरकते, सोडली की पडते. गोंद बदलला. दोरीने आवळून ठेवल्या. सकाळी उठून बघते तर सगळ्या टेबलावर, एकीवर एक.

हल्लीच्या गोंदात काही दम राहिलेला नाही.

३० जुलै

भाऊंचा फोन. सहज बोलता बोलता विचारलं. म्हणाले, तेलकट लाकडाक गोंद कसो धरतलो गो वयनी? आधी फळी, मग तेल. पुस्तकात हे लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याने गृहीत धरलं असणार की वाचणाऱ्याला मेंदू आहे. म्हणजे भाऊंसारख्यांना. मला चिकित्सेची सवय, म्हणून अडचण आली.

आता सगळं घासून काढायचं. फळ्या नव्या आणायच्या. सोसायटीतलं एक मांजर रोज खिडकीत येऊन बसतं आणि गलबताकडे बघतं. ह्या घरात त्याची किंमत कळलेला तो एकच जीव.

१० ऑगस्ट

हर्षदला फोन केला. सांगितलं, गणपतीपर्यंत जमत नाही, दसरा धर. तो लगेच म्हणाला, हो हो, सावकाश कर आई, काही घाई नाही. पोराचा आवाज पडला होता. आशेवर होता बिचारा.

आता दसऱ्याला नक्की. साड्यांची बॅग भरून ठेवली.

१४ ऑगस्ट

बॅगेतली एक साडी नेसायला लागत होती म्हणून बॅग रिकामी केली.

२९ ऑगस्ट

गणपतीला दोन दिवस चारकोपला जाऊन आले. रुचिराची आई, विहीणबाई, तिथे होत्या. डोंबिवलीच्या. पाहुण्या आल्या आहेत म्हणे. पाहुण्या माणसाने येताना एवढे डबे आणू नयेत. लहान खोलीच्या कपाटात त्यांच्या साड्या, खिडकीत त्यांची तुळस, फ्रीजच्या दारात त्यांची इन्शुलिन. मला झोपायला हॉलमधला सोफा.

मोदक त्यांनी केले. कळ्या जाड. निहारने पाच खाल्ले, मुलांना काय कळतं. तो त्यांच्याच हातून वरणभात खातो. भाजीसुद्धा.

मी येईपर्यंत त्यांनी किल्ला सांभाळायला घेतलेला दिसतो. चांगलं आहे. पण मी गेले की त्यांची पंचाईत होईल, कुठे जातील त्या? रुचिराशी बोलायला हवं. निघताना रुचिरा म्हणाली, आई, तुम्ही गलबत निवांत करा हं, आमची काळजी करू नका. मुलगी गुणाची आहे, ओझं दाखवत नाही.

६ सप्टेंबर

दोन्ही बाजूंच्या फळ्या बसल्या. वरची तक्तपोशी, म्हणजे डेकही झालं. फक्त डोलकाठ्या, शिडं आणि दोर. ह्याच वेगाने आठवड्यात संपेल.

८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवीन काही उभं करू नये. डोलकाठी उभी करणं म्हणजे उभं करणंच झालं. भाऊ फोनवर म्हणाले, जुन्याच कामाचो भाग तो, त्याका काय होतां? देवधर्माचं भाऊंनी मला शिकवू नये. पंधरा दिवस गलबतावर टॉवेल घालून ठेवला.

माझी काही इच्छा नव्हती थांबायची.

२३ सप्टेंबर

दोन्ही डोलकाठ्या उभ्या केल्या. सरळ.

शिडांसाठी ह्यांचा पांढरा शर्ट कापायचं ठरवलं. ऑफिसचा, कॉलरला विरलेला. कपाटातून काढला, धुतला, कात्री घेऊन बसले. आधी इस्त्री करावी म्हणून इस्त्री केली. मग हँगरला लावला आणि कपाटात ठेवला. कापड जाड आहे. शिडाला चालणार नाही.

२५ सप्टेंबर

मांजरपाट आणला. तो शर्टापेक्षा जाड निघाला. पण शिडाला थोडं जाडच लागतं.

१ ऑक्टोबर

उद्या दसरा. शिडं शिवून झाली, बांधायची तेवढी राहिली. चंद्रप्रकाशभाई मेंटेनन्सचं सांगायला आले होते. गलबत बघून म्हणाले, वा बेन, आता तर तैयार झालं, मग तुमी चारकोपला जाणार ने? इतक्या आनंदाने विचारायचं काही कारण नव्हतं.

ते गेल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं. पान दोनदा वाचलं. आपल्याकडच्या गलबतांची डोलकाठी पुढे झुकलेली असते. ह्यांनी कागदावर काढून ठेवलेल्या नकाशात सरळ. चार वर्षं माणूस चुकीच्या नकाशावर काम करत होता आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

दोन्ही काठ्या सुरीने सोडवल्या. तक्तपोशी उचकटली. नाइलाज आहे. चुकीची वस्तू घेऊन मी चारकोपला जाणार नाही.

हर्षदला मेसेज केला: दिवाळी. त्याने अंगठा पाठवला.

१२ ऑक्टोबर

भाऊ आले होते. उचकटलेल्या फळ्या एकेक उचलून बघितल्या. मग म्हणाले, वयनी, तुका जाऊचां नसात तर तसां सांग ना झिलाक, हर्षदाक. गलबताक कित्याक छळतंस?

मी म्हटलं, मला जायचंच आहे. उद्या जाते. आत्ता जाते. भाऊ म्हणाले, बरां. आणि ताक मागितलं.

दिलं. पण मीठ घातलं नाही.

तसं पाहिलं तर मुलगा नेईल आणि मी निमूट जाईन असंही नाही. हर्षद दिवाळीत न्यायला येईल तेव्हा दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मनात घोळवून ठेवल्या आहेत. हे घर ह्यांनी आणि मी ओव्हरटाइमवर उभं केलं. इथल्या बाजारात मला चार लोक ओळखतात, वाचनालयात माझी खुर्ची आहे. तेव्हा जबरदस्ती करू नये. रडला तरी ऐकायचं नाही. फार तर महिन्यातले आठ दिवस येईन म्हणायचं.

१९ ऑक्टोबर, रविवार

हर्षद आला. एकटाच. फराळाचा डबा घेऊन. चकली विहीणबाईंची.

बसला, उठला, पंखा लावला, बंद केला. मी समजले की आता न्यायचं बोलणार. पदर खोचून तयार बसले.

म्हणाला, आई, रागावू नकोस. रुचिराच्या आईने डोंबिवलीचं घर भाड्याने दिलं, ती आता आमच्याकडेच राहणार आहे. लहान खोली तिला दिली. निहारला तिची सवय झाली आहे. ऑगस्टपासूनच चाललं होतं, तुला सांगायचं राहून गेलं. म्हणाला, तुझं इथे बरं चाललंय ना? तू दर वेळी पुढे ढकलत होतीस, तेव्हा आम्हीच म्हटलं, आईला मुलुंडच आवडतं, उगाच कशाला ओढायचं.

मी म्हटलं, तेच तर.

तो इतका हलका झाला की त्याने दोन वाट्या चिवडा खाल्ला. आत येऊन नळ गळतो का ते बघितलं. नळ गळत नाही. जाताना वाकून नमस्कार केला. घोळवलेलं एकही वाक्य लागलं नाही. जबरदस्ती कोणी केलीच नाही.

बरं झालं. मला जायचंच नव्हतं. हे मी भाऊंना सांगितलंही होतं. किंवा त्यांनी मला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ह्यांच्या फोटोला ओवाळलं. जेवून टेबलाशी बसले. तक्तपोशीच्या फळ्या बसवल्या, काठ्या झुकवून लावल्या, शिडं बांधली, दोर ओढून घेतले. गोंद एकदाच लावला, धरला.

चार वाजता गलबत पुरं झालं. करायचं फारसं काही राहिलंच नव्हतं.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. रुचिराने हात जोडले. हर्षदने अंगठा. विहीणबाईंनी लिहिलं, छान, वेळ चांगला जातो तुमचा.

चष्मा पुसून गलबत पुन्हा नीट बघितलं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. पुस्तक उघडून चित्राशी ताडून पाहिलं. पट्टी लावली. कुठेतरी फळी वाकडी असेल, दोर ढिला असेल, काहीतरी राहिलं असेलच म्हणून अंधार पडेपर्यंत शोधलं.

काही नाही. सगळं बरोबर आहे.