प्रियदर्शनीची बावन्न पुस्तके

आज रविवार, ११ मार्च २०१८. सकाळी नळ आले, पाणी भरले. अंगण झाडले. नंतर लिहायला बसलो.

मी शेषराव पुंजाराम तायडे, वय ६८, राहणार तिवसा, जिल्हा अमरावती. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला बुकबाइंडर. डोके ठिकाणावर आहे, कोणाच्या दबावाने लिहीत नाही. पत्नी चतुराबाई आधीच गेली. एकुलती मुलगी प्रियदर्शनी, कृषी सहायक, बोंडअळीचे पंचनामे करता करता तापाने आजारी पडली आणि डिसेंबरात वारली. म्हणून माझे पहिले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व तिच्या नावे होते.

१. घर व बँकेतील ठेव पुतण्या अश्विन जानराव तायडे, राहणार अकोला, याला मिळावी.

२. पुस्तके दाबायचा लाकडी पेच व दाभणे भाऊ जानराव याला. प्रियदर्शनी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो चारचौघांत म्हणाला, "पोरीनं मांगं ठेवलं काय, तर एक डबडं." हे मी विसरलेलो नाही. तरी पेच त्यालाच, कारण तरुणपणी आम्ही दोघांनी तो धामणगावहून एसटीच्या टपावर आणला होता.

३. डबडे म्हणजे तिचे पुस्तके वाचायचे यंत्र. तिने आणले तेव्हा मी म्हणालो, "याले टाके कोठी मारू?" ती हसली. "बाबा, तुमी शिवलेलं शंभर वर्सं टिकन. पण मले एसटीत उभ्यानं वाचा लागते." मी रागावलो. ती काय वाचते, हे त्यानंतर दोन वर्षे विचारले नाही.

त्यात बावन्न पुस्तके आहेत. ती मृत्युपत्रात लिहिता येत नाहीत, असे वकील म्हणाले. कंपनीला विचारले, तर पैसे फक्त वाचण्याचे होते. पुस्तके तिची नव्हती, वारसाला मिळत नाहीत. मृत्यूचा दाखला आम्हीच पाठवला, म्हणून आता खातेही बंद झाले. अश्विन म्हणाला, "मोठे बाबा, वायफायले लावू नका. लावलं की सारं जाईन."

एका पुस्तकात ती एकेचाळीस टक्क्यांवर थांबली आहे. पुस्तकाचे टक्के असतात हे मला माहीत नव्हते. पुढचे पान मी काढून पाहिले नाही. परत तिच्या पानावर येता येईल की नाही, ठाऊक नाही.

यंत्र अश्विनकडे जावे. माझ्यानंतर त्याने ते वायफायला लावावे. माझ्या हातून ते होणार नाही.

४. अश्विनने काढून दिलेली बावन्न नावांची यादी सोबत जोडली आहे. ही पुस्तके कागदावर घेऊन तिवस्याच्या वाचनालयात तिच्या नावे द्यावीत. त्यांतली अकरा कागदावर छापलेलीच नाहीत. तेवढ्यांसाठी मी कोऱ्या वह्या शिवून पाठीवर नावे घातली आहेत. पुढे छापली गेली तर वह्या काढून घ्याव्यात. नाही छापली तर राहू द्याव्यात.

वरील मजकूर दोघा साक्षीदारांना वाचून दाखवला.

शेषराव पुंजाराम तायडे (सही)

साक्षीदार : वामनराव नत्थुजी इंगळे (सही)
पार्बताबाई सहदेव मेश्राम (सही)

स्थळ : तिवसा. दिनांक : ११/३/२०१८

सह्या करून दोघे गेले. संध्याकाळी सवयीने परातीत दोघांची कणीक घेतली गेली. अर्धी डब्यात परत टाकली.